मी मागनं जेवतो

गाव सोडलं त्या दिवशी मी पोटभर जेवून निघालो, एवढं पक्कं आठवतं. आमचं गाव औसा तालुक्यातलं. एसटी सकाळी सातची. आईनं अंधारातच चूल पेटवून पिठलं-भाकरी केली, मला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "तिकडं कामाला लाजू नको आन जेवायला लाजू नको." वडील ओसरीवरनं ओरडत होते, यष्टी काय तुझ्या बापाची हाय का म्हणून. बाप तेच, तरी असं विचारायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझी बायको कोंडाबाई आत चुलीजवळ बसून आईच्या हातात एकेक भाकरी देत होती. मी तीन खाल्ल्या, हात धुतला आणि निघालो. ती जेवली का, हे विचारलं नाही. पुढं पन्नास वर्षांतही कधी विचारलं नाही. आठ महिन्यांपूर्वी ती गेली, आता विचारायची सोयच राहिली नाही.

हे लिहायला बसायचं कारण वेगळंच आहे. गावात बातमी पोचलीय की आबा, म्हणजे मी, म्हातारपणी वाकडच्या हाटेलात वाढप्याचं काम करतो. कुणीतरी तसला फोटो मोबाइलवर पाठवला म्हणे. चुलतभाऊ दत्तूचा फोन आला, पोरगं सांभाळत नसलं तर सांग, आम्ही चार जण येतो. तेव्हा गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून भोसरी, चिखली, चाकणला येऊन पडलेल्यांनो, फोटो खरा आहे. बाकीचं काय झालं ते सांगतो. मी चौथी शिकलेला, चुका निघतील. त्या तुमच्या तुम्ही काढा.

इकडं आलो तेव्हा भोसरीत पत्र्याच्या खोलीत आम्ही सहा जण होतो आणि खाटा तीन. फर्स्ट शिफ्टवाला उठला की थर्ड शिफ्टवाला त्याच्याच गरम गोधडीत शिरायचा. कंपनीत मी प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होतो. दोन वर्षांनी पर्मनंट झालो आणि कोंडाबाईला आणलं. तेव्हापासून माझं काम एकच, कंपनीतून यायचं, जेवायचं, झोपायचं. ती वाढायची आणि मी खायचो. आधी मी, मग पोरगं, मग येणारे-जाणारे. गावचं कुणी ना कुणी नोकरी शोधायला यायचंच, तुमच्यातलेच कित्येक असाल. तुम्हीही बसायचा आणि तीही वाढायची. तुमच्यातल्या कुणी तिला जेवताना बघितलं असेल तर मला कळवा. मी बघितलेलं नाही.

ती गेल्यावर तेराव्याचं झालं, पाहुणे गेले, आणि सुनेनं, सवितानं, फडताळातून एक ॲल्युमिनियमची ताटली काढली. काठाला पोचा आलेली. मला विचारलं, आईंची ताटली ठेवू का? मी म्हटलं, कुठली ताटली? घरात सगळ्यांना ती ताटली माहीत होती. नातीला, पोराला, शेजारणीला सुद्धा. मला नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं, आता मी सगळ्यांच्या मागनं जेवणार, याच ताटलीत. पोरगा म्हणाला, आबा, हे काय खूळ? मी म्हटलं, खूळ तर खूळ. तिनं पन्नास वर्षं केलं, मी मरेपर्यंत करतो. आठ महिने एक दिवस मोडला नाही.

आता हाटेलाचं. आमची नात ऋतुजा हिंजवडीला नोकरीला लागली. तिनं कधीतरी आजीला विचारलं होतं, पहिल्या पगारात तुला काय घेऊ? लुगडं म्हणेल, बांगड्या म्हणेल असं पोरीला वाटलं. कोंडाबाई म्हणाली, "मला एकदा खुर्चीवर बसून जेवायचंय, दुसऱ्यानं वाढलेलं." पगार झाला तेव्हा आजी नव्हती. पण पोरगी हट्टाची, माझ्यावर गेलीय. म्हणाली, आजीचा शब्द आहे, आपण चौघं जायचं, रविवारी दुपारी, आणि आबा, तुम्हीपण आमच्याबरोबर बसून जेवायचं. तिचं सगळं लक्ष त्याच्यावरच होतं. आबाला एकदा पंगतीत बसवायचं, एवढ्यासाठीच तिनं वाकडमधलं सगळ्यात भारी हाटेल निवडलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि गाडीत बसलो.

दारात एकानं सलाम ठोकला. मीही ठोकला. आत दुपारी एक वाजता दिवेलागणीसारखा अंधार. एवढ्या महागाच्या जागेत लाईट वाचवतात. काळ्या कोटातला एक चाळिशीचा माणूस आला, ऋतुजा म्हणाली हे इथले कॅप्टन. देहूरोडला मिलिटरीचे पुष्कळ बघितलेत, पण पाण्याचा जग धरलेला कॅप्टन पहिल्यांदाच बघितला. बोलण्यावरून कळलं, गडी नांदेडकडचा. बरं वाटलं.

जेवण आलं. काचेच्या झाकणाखाली काहीतरी होतं आणि झाकणात नुसता धूर. त्यानं झाकण उचललं तसा धूर आमच्या तोंडावर आला आणि लोक फोटो काढायला लागले. आमच्या बाईचा जन्म धूर घराबाहेर घालवण्यात गेला आणि इथं तो झाकून, सांभाळून टेबलापर्यंत आणतात. मग ठेचा आला. हातभर ताट, मधोमध पोराच्या खेळण्यातला एक पाटा आणि त्याच्यावर शेंगदाण्याएवढा ठेचा. भाकरीचा आकार रुपयाएवढा, वर एक फूल. मी कॅप्टनला विचारलं, हे खायचं की वाहायचं? तो हसला नाही. त्याला पगार नसावा हसण्याचा.

तोवर मी उभाच होतो. खुर्ची मागं ओढलेली, तिच्या पाठीवर हात ठेवून मी उभा. कॅप्टन तीनदा म्हणाला, काका बसा. मी म्हटलं, यांचं होऊ दे. भरिताचं मोठं भांडं आलं तसा मी त्याच्या हातून ते घेतलं आणि वाढायला लागलो. ऋतुजाला वाढलं, दिगंबरला, म्हणजे माझ्या पोराला, वाढलं, सविताला वाढलं. कॅप्टन मागून म्हणतोय, काका, आम्ही वाढतो ना. मी म्हटलं, तुम्ही वाढा की, मी कुठं अडवलंय.

इथं माझी जरा चूक झाली ती कबूल करतो. आपल्याकडं पंगतीत वाढपी एकाला वाढून दुसऱ्याचं पान ओलांडत नाही. पंक्तिप्रपंच म्हणतात त्याला, मोठं पाप. आयुष्यभर गावच्या लग्नात वाढलेलं, हात थांबतो का? आमच्या टेबलाला लागून दुसरं टेबल. तिथं एक जण, मागनं कळलं सांगवीचा, बायकोबरोबर बसलेला. त्याच्या ताटात पांढऱ्या रश्श्यातल्या शेवया होत्या. मी त्याच्यावर भरीत वाढलं. तो बघतच राहिला. मी म्हटलं, घ्या, लाजू नका. त्याच्या पलीकडचं टेबल, तिथंही वाढलं. तिथल्या एका पोरीनं फोटो काढला, तोच तो फोटो. माघारी फिरलो तर सांगवीवाला हळूच म्हणाला, बाबा, अजून थोडं मिळेल का. पुरावा म्हणून सांगतो, त्यानं ताट पुसून खाल्लं.

कॅप्टननं भांडं काढून घेतलं, अगदी प्रेमानं, पण घेतलं. ऋतुजा म्हणाली, "आबा, झालं ना वाढून? आता बसा."

"तुमी जेवा. मी मागनं जेवतो."

"इथं मागनं नसतं आबा. इथं सगळे एकदम जेवतात."

"मग मी घरी गेल्यावर जेवीन."

तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "मग मीपण नाही जेवत." आणि हाताची घडी घालून बसली. मी उभा, ती बसलेली, दोघंही एकमेकांकडं बघत नाही. कॅप्टननं पदार्थ गरम करायला आत नेले. आणले. आम्ही तसेच. पुन्हा नेले. तिसऱ्यांदा आणले तेव्हा त्या धुरवाल्या झाकणातला धूरसुद्धा दमला होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटत होतं, पण नेम म्हणजे नेम. मनात म्हणत होतो, कोंडाबाई, बघ, तुझ्यासाठी कसा उभा आहे मी.

तेव्हा सविता बोलली. तेवीस वर्षं ही माझी सून. चाकणला पॅकिंगला जाते, पहाटे पाचला तिची कंपनीची बस. माझ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नाही, तेव्हाही चढला नाही. ताटाकडं बघत म्हणाली,

"आबा, एक सांगू का? राग मानू नका. सासरा जेवल्याशिवाय मी कशी जेवणार? आठ महिने झाले, तुम्ही सगळ्यांच्या मागनं जेवता आणि मी तुमच्या मागनं जेवते."

ती बोलतच राहिली. म्हणाली, "आई होत्या तेव्हा मला म्हणायच्या, सविता, पहाटे उठायचंय तुला, तू जेवून घे, मी हाय मागं. त्या गेल्या आणि तुम्ही मला त्यांच्या जागेवर उभं केलं. आणि आईंनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तुमचं मागनं जेवणं सगळ्या बिल्डिंगला माहितीय."

प्रेस शॉपमध्ये माझं एक बोट गेलंय, डाव्या हाताचं. तेव्हा दुखायला जरा वेळ लागला होता. आधी नुसतं कळलं, की गेलं. तसंच झालं. खरंच, बिल्डिंगमध्ये मीच सांगत फिरलो होतो. वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, देवळातल्या म्हाताऱ्यांना तर दोनदा. सगळे म्हणायचे, वा आबा, असा नवरा बघितला नाही. मला ते गोड लागत होतं. मला वाटायचं, सविताचं जेवण कधीच झालंय, आणि ही पोरगी रोज ओट्यापाशी उभी राहून माझा नेम संपायची वाट बघत होती. मी कोंडाबाईचं फेडायला निघालो आणि घरात दुसरी कोंडाबाई तयार केली.

मी बसलो.

बसलो आणि सविताला म्हटलं, आधी तू घास घे. ती म्हणाली, आधी तुम्ही. ऋतुजा म्हणाली, दोघं घ्या. आमचं हे तू-मी चाललेलं असताना दिगंबरकडं नजर गेली, तर त्याचं ताट रिकामं. या सगळ्या महाभारतात पठ्ठ्यानं तीन रोट्या संपवल्या होत्या. आईनं लावलेली सवय. मी त्याला शिवी देणार होतो, पण शिवी माझ्यावरच येत होती म्हणून गिळली. तेवढ्यात सविता हसली आणि तिनं घास घेतला. मग मी घेतला.

जन्मात पहिल्यांदा माझ्या घरातली बाई माझ्यासमोर बसून जेवताना मी बघितली. सविता लोणचं शेवटाला ठेवते. पाणी जेवणाआधी पिते. आणि भरीत तिनं काठाला सारून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, मला वांगं आवडत नाही. घरी आठवड्यातून तीनदा वांगं करते ही. माझ्यासाठी. तेवीस वर्षं.

मग धीर करून विचारलं, कोंडाबाईला काय आवडायचं? सविता म्हणाली, "त्या रोज भाताच्या पातेल्याची खरवड खायच्या. मला वाटायचं, त्यांना आवडते. एकदा मुद्दाम काढून ठेवली, तर म्हणाल्या, आवडत न्हाई गं, तेवढीच उरती."

कॅप्टन तिथंच उभा होता. जगमधून पाणी ओतायचं विसरला आणि नुसता जग धरून राहिला. थोड्या वेळानं त्यानं न मागता आणखी भाकऱ्या आणल्या. या वेळी चांगल्या तळहाताएवढ्या, फुलाशिवाय. म्हणाला, ह्या आमच्या आतल्या माणसांसाठी करतात. आम्ही चौघांनी त्या खाल्ल्या. गोडाचं काय होतं ते आठवत नाही, पण होतं, आणि माझ्या वाटणीचं मी ऋतुजाला दिलं नाही.

तर असा मी वाढपी. दत्तूला सांगा, चार जणांना घेऊन यायची गरज नाही. आलातच तर दोनच या, आमच्या चिखलीच्या घरात सहा जणांच्या वर एकदम बसता येत नाही, आणि आता आमच्याकडं दुसरी पंगत नसते. साडेआठला चौघं खाली बसतो, भांडी मधे. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. पाणी कुणी आणायचं यावरून रोज भांडण होतं. वांगं पंधरा दिवसांतून एकदा. मी विचारतो, कुणी जेवायचं राहिलंय का? ऋतुजा म्हणते, आबा, चारच माणसं आहेत, मोजा. तरी मी विचारतो. विचारायची सवय उशिरा लागलीय, लवकर सुटणार नाही.

परवा बरोबर साडेआठला, जेवायला बसल्यावर पुतण्याचा फोन आला, गावाहून. काका, आता काकू न्हाई, कंपनी न्हाई, तिकडं काय राहिलंय तुमचं? घरी कधी येताय? प्रेमानंच विचारत होता. पन्नास वर्षं मीही गावालाच घर म्हणत आलो, ही तर नुसती राहायची जागा. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण समोर सविता भाकरीचा तुकडा मोडून हात आखडून बसली होती, दिगंबरसुद्धा थांबला होता. मी म्हटलं, बाबा, मग बोलू. माझ्यापायी इथं तिघांचं जेवण खोळंबलंय.