यातला माझा कुठला

शारशेन हा गावच्या पाणचक्कीवर कामाला होता. कैद्यांच्या छावणीतून सुटून आला तेव्हा सामूहिक शेतीच्या अध्यक्षानं त्याला तिथं चिकटवला आणि तो तिथंच रुतला. चक्कीच्या घरघरीत कुणी काही विचारत नाही, विचारलं तरी ऐकू येत नाही, हे त्याला मानवलं. विजयदिनाला गावातले म्हातारे कोटाला पदकं लटकवून मिरवायचे, तेव्हा हा जात्याला टाकी लावत बसायचा.

लढाईला तोंड फुटलं त्या पहाटे तो पश्चिमेच्या सीमेवर, एका नदीकाठच्या चौकीत होता. जर्मनांनी त्याला धरून नेला. तिथून सुटला, तर 'जिवंत कसा राहिलास' म्हणून आपल्याच सरकारनं पुन्हा डांबला. गावाला हे ठाऊक होतं, पण त्याच्यासमोर कुणी तो विषय काढत नसे.

मेअखेरीस सीमारक्षकांचा दिवस यायचा. त्या संध्याकाळी क्लबात चौकीचा सिनेमा ठरलेला. नाव दरवर्षी वेगळं, गोष्ट तीच. बाजा वाजवणारा एक नवखा पोरगा, एक इमानी कुत्रा, पहाटेचं धुकं, मग तोफा. आणि शेवटी सगळे मरतात. झाडून सगळे.

नदीपलीकडची उल्कान आपा त्या संध्याकाळी गाढवावर बसून यायचीच. तिचा थोरला, आकमात, शारशेनच्याच चौकीत होता. 'बेपत्ता' एवढंच तिला कळवलेलं. म्हातारीला रशियन कळत नव्हतं. शेवटच्या बाकावर शारशेनला खेटून बसायची नि पडद्यावरची नजर न काढता विचारायची, "यातला माझा कुठला रे?"

पहिल्या वर्षी शारशेन गांगरला आणि छपरावरच्या मशिनगनवाल्याकडं बोट करून बसला. तिथंच अडकला. मग दरवर्षी तिला एक पोरगा शोधून देणं आलं. तो झटकन मरणारा निवडायचा, एका गोळीत संपणारा. एकदा अंदाज चुकला, निवडलेला पोरगा रणगाड्याजवळ जळाला. आपा घरी जाऊन कितीतरी दिवस धड जेवली नाही, असं तिची सून दळण घेऊन आली तेव्हा सांगून गेली.

खरं म्हणजे आकमात त्या पहाटे मेलाच नव्हता. दोघं बरोबरच धरले गेले होते. तारेच्या कुंपणातला उघडा माळ, त्यावर माणसंच माणसं. गवत खाऊन संपलं, झाडांच्या साली संपल्या. थंडीचा पाऊस लागला, आणि एका सकाळी आकमात उठला नाही. शारशेननं उचलला तर हाताला वजनच लागेना.

यंदा आपा आली ती काही ठरवूनच.

"घोडी पोसलीय कापायला," बसता बसता ती म्हणाली. "कुरणावर जायच्या आधी त्याच्या नावाचं जेवण घालते. पण म्हातारे म्हणतात, ज्यानं मरताना पाहिलं त्यानं उभं राहून सांगावं लागतं, जित्याचं जेवण घालायचं नसतं. शुक्रवारी तू सांगायचंस."

"आपा, मी..."

"आधी बघू दे."

सिनेमाच्या मध्यावर एक शिपाई हात वर करून जर्मनांकडं चालू लागला. त्याच्याच हवालदारानं त्याला मागून गोळी घातली. क्लबात टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या.

"ह्यानं काय केलं?"

"शरण गेला."

"त्यालाही आई असेल," आपा पुटपुटली.

इतक्या वर्षांचं छातीवरचं जातं जरासं हललं. शारशेन तिच्या कानाशी वाकला. "आपा, आकमात कधी छपरावर नव्हता. मी तुला..."

"ठाऊक आहे. एका वर्षी तू मला पिवळ्या केसांचा दाखवलास. आमच्या सात पिढ्यांत पिवळं डोकं नाही. म्हातारी झाले, आंधळी नाही झाले अजून."

"मग खरं काय ते ऐक."

"नको." तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "तुझ्या तोंडावर दिसतंय ते पुरे. धाकट्याचा पोरगा फौजेत अधिकारी व्हायला निघालाय. कुणाचा पुतण्या म्हणतील त्याला? मला चारचौघांत सांगण्यासारखं मरण दे, पोरा. एक निवड."

पडद्यावर आता थोडेच उरले होते. शारशेननं घाईघाईनं पाहिलं. "तो. विहिरीपाशी बसलाय तो."

"लवकर जातो?"

"लवकर."

शुक्रवारी आपाच्या तंबूत माणूस मावत नव्हता. परातींतून मांसाची वाफ येत होती, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग पडला होता. शारशेन उभा राहिला. विहीर सांगितली, चौकीचा साहेब सांगितला, बाजावाला पोरगा सांगितला, आकमातच्या कपाळातली गोळी सांगितली. सिनेमा पाहिलेले माना खाली घालून जेवत राहिले.

क्लबवाला ताश्तान पोटात घोडीचं आंबवलेलं दूध रिचवून बसला होता. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. हाडातला मगज शोषता शोषता म्हणाला, "मस्त सांगितलंस, शारशेनदादा. पण तू कुठं होतास त्या वेळी?"

शारशेननं गोष्टीत सगळे घेतले होते, कुत्रासुद्धा. स्वतःला कुठं ठेवायचं, हे त्याला सुचलंच नव्हतं. विहिरीपाशी होता म्हणावं, तर इतरांसारखा तोही मेलेला हवा. नव्हता म्हणावं, तर कुठं होता? त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. आपा रिकामा वाडगा हातात फिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

"चक्कीवर असेल," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

मग थोरल्या म्हाताऱ्यानं दुवेसाठी तळवे वर केले, तसे सगळ्यांनी केले. बसावं की बाहेर जावं हे न कळून, दुवा संपेपर्यंत शारशेन तसाच मध्ये उभा राहिला.