रविवारी सकाळी फळ्यावर मी काय लिहिलं होतं

सोसायटीने मला एक शाल दिली आहे. त्या शालीवर माझा हक्क नाही. हे एवढं लिहायला मला चार महिने लागले. कारण सांगायचं तर ते चार दिवस पहिल्यापासून सांगावे लागतात, आणि ते सांगताना मला हसू येतं. अपराधाची कबुली देणाऱ्या माणसाने हसू नये, पण माझा इलाज नाही. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात इतकी मजा मला क्वचितच आली होती.

मी मुलुंड पूर्वेला राहतो. निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या फाटकाजवळचा काळा फळा माझ्याकडे आहे. उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा. लिफ्ट दोन दिवस बंद. आणि वर एक सुविचार. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून टिकलं.

गेल्या डिसेंबरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या मैदानात मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा भरल्या. सोळा कॉलेजं, चार दिवस, हरला तो बाहेर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नाहूरच्या एका छोट्या कॉलेजकडून खेळते. तिने मला लिफ्टमध्ये आमंत्रण दिलं.

"आजोबा, या ना मॅच बघायला. तुमचा फार वेळ नाही जाणार. आम्ही पहिल्याच दिवशी हरतो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. एकदम शिस्तीत."

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरील खेळाडूच्या संघास शुभेच्छा. विजय नक्की.' दहावीच्या मुलांसाठी मी हेच लिहितो, फक्त विजयच्या जागी यश. त्यात काही भविष्य नव्हतं.

समोर वांद्र्याचं कॉलेज, गेल्या वर्षीचे विजेते. त्यांच्या मुली उंच, सगळ्यांचे बूट एकसारखे. आमच्या मुलींचे बूट जमतील तसे. मला खेळातलं काही कळत नव्हतं. रिंगमध्ये चेंडू गेला की टाळ्या वाजवायच्या एवढं ठरवून मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. पण आमच्या मुली दमतच नव्हत्या. वांद्र्याच्या मुली चेंडू घेऊन वळल्या की समोर आमची एक उभी, तिला चुकवलं की दुसरी. शेवटच्या मिनिटात मी उभा होतो आणि शेजारच्या अनोळखी बाईंचा दंड धरून होतो. नाहूर एका गुणाने जिंकलं. त्या बाईंनी दंड सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "माझी मुलगी वांद्र्याच्या संघात आहे हो."

संध्याकाळी तळमजल्यावरचे आमचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले आणि कशावरही विश्वास न ठेवणारे, फळ्यासमोर उभे होते.

"नक्की कसं काय लिहिलंत तुम्ही? ही पोरं कधी जिंकत नाहीत म्हणे."

खरं उत्तर सोपं होतं. मी म्हणालो, "खेळाडूची चाल बघितली की कळतं."

हे माझं पहिलं खोटं. बोलून झाल्यावर पोटात गुदगुल्या झाल्या, शाळकरी पोरासारख्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. चार सामने, आठ वाजल्यापासून. त्या सकाळी मैदानावर जगाचा नियमच बदलला होता. अंधेरीच्या बलाढ्य कॉलेजला विक्रोळीच्या अशा संघाने घरी पाठवलं, ज्यांच्याकडे बदली खेळाडू एकच होती आणि तिचाही अंगठा सुजलेला. घाटकोपरच्या मुलींनी अर्ध्या मैदानातून फेकलेला चेंडू रिंगच्या काठावर दोनदा फिरला, थांबला आणि आत पडला, तेव्हा वडापाववाला गाडी सोडून आत आला. नाहूरही जिंकलं. फक्त बोरिवलीच्या संघाने ज्यांना हरवायचं त्यांना हरवलं, तेही निर्दयपणे. बाकी तिन्ही निकाल उलटे.

घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. वॉचमन जेवायला गेलेला, माणसं कामावर, आवारात चिटपाखरू नाही. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'आजचे अंदाज: विक्रोळी जिंकेल. घाटकोपर जिंकेल, थोडक्यात. नाहूर जिंकेल. बोरिवली सहज जिंकेल.' नाहूरखाली दोन रेघा मारल्या.

एक तासापूर्वी संपलेल्या सामन्यांबद्दल मी भविष्यकाळात लिहीत होतो, आणि मला जराही लाज वाटली नाही. उलट 'थोडक्यात' हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी फळ्यासमोर गर्दी. मुलीने मैदानावरून येऊन निकाल सांगितले आणि चारही जुळले. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, बाबा तर रोज सकाळीच लिहितात. त्या बिचाऱ्याचा काय दोष, रोज सकाळीच लिहीत होतो. मुलीने फळ्याचा फोटो काढून संघाच्या ग्रुपवर टाकला.

शनिवारी उपांत्य सामने. नाहूरने घाटकोपरला हरवलं, बोरिवलीने विक्रोळीला. एक वाजता मी पुन्हा अंदाज लिहिले. या वेळी खजिनदार अचानक बाहेर आले आणि त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली.

"खडू?"

"अक्षर पुसट झालं होतं. गिरवलं."

"दुपारी एकला?"

"उन्हात पुसट होतं."

ते जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "माझ्या भाच्याचं लग्न जमेल का हो या वर्षी?"

त्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी लेकाच्या व्हिसाचं विचारलं, एकाने लिफ्ट कधी नीट होईल ते. लिफ्टचं मी सांगितलं, मंगळवारी. मेकॅनिकचा फोन मलाच आला होता. घरी बायको सगळं बघत होती. ती कुडाळची. ती म्हणाली, "एक वाजता घराक येतास आणि सकाळचा भविष्य लिहितास. शिरा पडो तुमच्या त्या फळ्यार." पण तिने कुणाला सांगितलं नाही, आणि तिलाही हसू येत होतं हे मी पाहिलं.

शनिवारी संध्याकाळी मुलगी जिन्यात भेटली. गुडघ्याला पट्टी, चेहरा उन्हाने लाल.

"आजोबा, उद्याचं जरा लवकर लिहाल? फायनल सातला आहे, मी सव्वासहाला निघते. सगळ्या विचारतायत, आजोबा काय लिहितात बघ म्हणून. बोरिवलीला बघून अर्ध्या जणींची वाट लागलीय यार." मग जीभ चावली. "सॉरी, आजोबा."

आता पहिल्यांदाच मला खरंखुरं आधी लिहायचं होतं.

रविवारी पावणेसहाला मी खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो. त्या मिनिटात मी काय विचार केला ते जसंच्या तसं लिहितो. मी मुलींचा विचार केला नाही. मी विचार केला की आत्तापर्यंत माझा एकही अंदाज चुकलेला नाही. बोरिवलीचा संघ सगळ्यांना झोडपत आलाय. शहाणा माणूस बोरिवलीच लिहील. आणि मी लिहिलं, 'अंतिम सामना: बोरिवली जिंकेल.'

सव्वासहाला ती पाठीवर बॅग घेऊन खाली आली. फळ्यासमोर थांबली. वाचलं. खाली बसून बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. उठून म्हणाली, "येते, आजोबा." कोपऱ्यावर रिक्षात तिच्या दोन मैत्रिणी थांबल्या होत्या. रिक्षा निघून गेली तरी मी खडू हातात धरून उभा होतो. पुसायला हवं होतं. पुसलं नाही.

मैदानावर मी मागच्या रांगेत बसलो. सामना असा झाला की आजही आठवून तळपायाला मुंग्या येतात. बोरिवली आठने पुढे, मग नाहूर दोनने, मग बोरिवली. ढोल कुठून आला कोण जाणे. वडापाववाल्याने गाडी लावलीच नव्हती, तो सरळ प्रेक्षकांत बसला होता. शेवटचे काही सेकंद, नाहूर एका गुणाने मागे, आणि आमच्या मुलीला धक्का देऊन पाडलं. दोन फ्री थ्रो. सगळ्या बाजूला, रेषेवर ती एकटी.

तिने पहिला चेंडू उचलला तेव्हा मला वाटलं, चुकावा. हे मी चार महिने कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एका अंदाजासाठी मला वाटलं, तिचा नेम चुकावा.

चेंडू आत गेला. बरोबरी.

दुसऱ्या चेंडूच्या वेळी मात्र माझ्या घशाने मला विचारलं नाही. मी उभा राहून तिला हाका मारत होतो, चप्पल कुठे गेली ठाऊक नाही. चेंडू आत पडला, भोंगा वाजला, नाहूर जिंकलं, आणि मी त्या ढोलवाल्याला मिठी मारली.

पण मग मी काय केलं? बक्षीस समारंभाला थांबलो नाही. एका पायात चप्पल घालून रिक्षा पकडली, सोसायटीत आलो, रुमालाने 'बोरिवली' पुसलं आणि 'नाहूर' लिहिलं. दोन रेघा. रविवारी आमची इमारत नऊपर्यंत झोपते. खजिनदार पावणेनऊला बाहेर आले, वाचलं आणि मला नमस्कार केला.

पुढच्या रविवारी आवारात सत्कार झाला. मला शाल आणि श्रीफळ, तिला फुलांचा गुच्छ. माझं नाव आधी पुकारलं. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबांनी रोज आमच्यासाठी लिहिलं. थँक यू." एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही. सामने तिने जिंकले आणि श्रेय माझ्या खडूला गेलं. लोक तेव्हापासून तसंच म्हणायला लागले, आजोबांनी पोरींना जिंकवलं.

एप्रिलमध्ये मी शाल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार तिनेच उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुपारचा एक, भविष्यकाळ, रुमाल, आणि पहिल्या फ्री थ्रोला काय वाटलं तेही.

ती दाराला टेकून ऐकत होती. "फ्री थ्रोचं नसतं सांगितलंत तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"नसतं चाललं."

"रुमालाचं मला माहीतच होतं. सकाळी बोरिवली वाचलं आणि परत आले तर नाहूर. मला वाटलं, तुम्ही कधी बोलणारच नाही."

"मग तू का नाही बोललीस?"

"मी कशी बोलणार? रिक्षात दोघींनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं नाहूर. म्हटलं, खाली दोन रेघा आहेत. मॅचच्या आधी सगळ्या टीमला तेच सांगितलं."

"आणि तुला स्वतःला?"

"मला वाटलं, गेलो आपण. मग वॉर्मअप करताना वाटलं, आजोबांना कुठे बास्केटबॉल कळतं." ती हसली, मग थांबली. "शाल नको मला. खूप टोचते ती, तुमच्या खांद्यावर असताना पण दिसत होतं. पण टीमला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

त्याच संध्याकाळी मी फळ्यावर सगळा मजकूर लिहिला, लहान अक्षरात, दोन्ही कडांपर्यंत. खजिनदारांनी शेवटपर्यंत वाचला. "उन्हात पुसट होतं म्हणे," एवढंच म्हणाले, आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बाकीच्यांनी नक्की काय ठरवलं ते मला अजून समजलेलं नाही. वहिनी अजून व्हिसाचं विचारतात.

रविवारी मी नाहूरला त्यांच्या सरावाला गेलो. बारा मुली कोर्टावर गोल करून बसल्या होत्या. मी सांगितलं. एक बारकीशी, दात पुढे असलेली मुलगी म्हणाली, "म्हणजे फायनलला फळ्यावर आपलं नाव नव्हतंच?"

"नव्हतं."

"म्हणजे आम्ही अशाच जिंकलो?"

"अशाच."

तिने शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने आमच्या मुलीकडे. "तू काय बाई आहेस," कुणीतरी तिला म्हणालं, आणि सगळ्या तिच्या अंगावर पडल्या. तो गोंधळ बराच वेळ चालला. दोघी तिसरीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "ऐक ना, त्यांनी बोरिवली लिहिलेलं, बोरिवली," जणू मी तिथे नव्हतोच.

त्यांच्या सरांनी शिटी वाजवली. "इथे उशिरा आलं की कोर्टाभोवती फेऱ्या माराव्या लागतात," ते मला म्हणाले. "आजोबा, तुम्ही चार महिने उशिरा आलात."

"किती फेऱ्या?"

"वय बघून दोन."

मी चालायला लागलो. बारकी माझ्याबरोबर आली, मग आणखी तिघी, आणि त्या मला अंतिम सामना पहिल्या मिनिटापासून सांगायला लागल्या, मी पाहिला होता तरी. पहिली फेरी मी चाललो. दुसऱ्या फेरीत त्यांचं सांगणं शेवटच्या धक्क्यापर्यंत आलं आणि त्या पळायला लागल्या, म्हणून मीही पळालो. आठ-दहा पावलं असतील.