पांढऱ्या शेवंतीचं तोरण

विनीता भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी, विमान हललं की नवऱ्याचा हात घट्ट धरणारी. अशा बाईने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबे पोचवायचं काम का पत्करावं, हे तिच्या नवऱ्याला, शिरीषलाही कळत नसे. लग्न होऊन ती पुण्याहून सिंगापूरला आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. शिरीष सकाळी ऑफिसला गेला की पासिर रिस भागातल्या फ्लॅटच्या भिंती तिला खायला उठत. लिफ्टजवळ लावलेली एका संस्थेची स्वयंसेवक हवेत अशी पाटी वाचली आणि ती गेली. जवळच्या बेडोकमधल्या एका जुन्या इमारतीत खोलीखोलीतून एकटी माणसं राहत होती, आणि त्यातल्या काहींचं दार एरवी कुणीच वाजवत नव्हतं.

काम साधं होतं. दार वाजवायचं, डबा द्यायचा, चार शब्द बोलायचे. पण दार वाजवल्यापासून ते उघडेपर्यंतचा वेळ विनीताला फार जड जाई. तिच्या आधी हे काम करणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "एक दिवस दार उघडणार नाही. प्रत्येकीवर येतो तो दिवस." तेव्हापासून आत जरा शांतता जाणवली की विनीताची नजर जिन्याकडे वळायची.

गोह आंटीचं दार तेवढं तिला आवडायचं, कारण ते वाजवावंच लागत नसे. आंटी चिनी होती, ऐंशी कधीच ओलांडलेली. लग्न केलेलं नव्हतं, सारा जन्म कपडे शिवण्यात गेला होता. नजर अधू झाली होती, पण कान तिखट. विनीताच्या चपलांचा फटक फटक आवाज व्हरांड्यात शिरला की आतून ओरडा यायचा, "सो स्लो वन! जेवण थंड केलंस ना?" तो ओरडा ऐकला की विनीताचा जीव भांड्यात पडायचा. डबा देऊन झाला की ती आंटीच्या केसांना तेल लावून द्यायची. वासाला नाक मुरडत आंटी लावूनही घ्यायची.

२०१३ च्या दसऱ्याला विनीताच्या मनात आलं, आपल्या माणसाच्या दाराला आज तोरण नाही, हे काही बरोबर नाही. भारतीय फुलं मिळणाऱ्या तेक्का मार्केटला ती गेली तर झेंडू संपलेला. मग तिने पांढरी शेवंती घेतली, हौसेने तोरण ओवलं आणि बेडोकला गेली. आंटी क्लिनिकला गेली होती. विनीताने तोरण दाराबाहेरच्या जाळीला बांधलं, दोन पावलं मागे होऊन कौतुकाने पाहिलं आणि घरी परतली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती आली तेव्हा चपला वाजल्या, पण ओरडा आला नाही.

दार बंद. खिडकीच्या काचपट्ट्या बंद. एरवी दिवसभर चालणारा रेडिओही बंद. तोरण मात्र सुकून तिथेच लोंबत होतं. विनीताने हाक मारली, दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. शेजारचे रहीम अंकल बाहेर आले.

"हे तू बांधलंस?" त्यांनी विचारलं.

"हो. आमचा सण होता."

"अय्यो, पोरी! पांढरी शेवंती चिनी लोक मेलेल्या माणसाला वाहतात. ती आली, हे बघत कितीतरी वेळ उभी राहिली आणि आत गेली. मला वाटलं, तिचंच कुणी गेलं असेल. म्हणून मी विचारलं नाही."

आपण एका जिवंत बाईच्या दाराला तिचं मरण टांगून गेलो! तिचं हृदय कमजोर होतं, हे आपल्याला माहीत होतं. तिने संस्थेत फोन केला. आत जाऊ नको, पोलिसांना घेऊन येतो, असं तिकडून सांगितलं. जिना समोरच होता. पळून जावं असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आत जे काही असेल ते दुसऱ्या कुणीतरी बघावं.

पण तिने आधी ते तोरण सोडवलं. मग जाळीतून हात घालून खिडकीची एक काचपट्टी ढकलली आणि डोळा लावला.

आंटी पलंगावर उताणी पडली होती. अंगात निळा रेशमी पोशाख होता. शेवटच्या प्रवासासाठी तिने स्वतः शिवून ठेवलेला, विनीताला एकदा मोठ्या दिमाखात दाखवलेला. पायांत कोरे बूट. हात छातीवर जुळवलेले.

"आंटी!" विनीता किंचाळली.

एक बूट हलला. "का ओरडतेस? सो नॉइझी!"

दार उघडलं तेव्हा विनीता रडत होती. सॉरी म्हणत होती, दसरा, तोरण, झेंडू, काय काय सांगत होती. आंटीने तिला हाताला धरून पलंगावर बसवलं.

"मला मूल नाही, बाळ नाही," ती म्हणाली. "मी गेल्यावर फुलं कोण आणणार, असं रोज वाटायचं. घरी आले तर दारावर फुलं. म्हटलं, वेळ आलेली दिसते, पण कुणीतरी फुलं आणली. मग कपडे बदलले आणि वाट बघत पडले. न्यायला कुणी येईच ना, शेवटी डोळाच लागला. डबा आणलास?"

विनीताने संस्थेला आंटी ठीक आहे असं कळवलं. जेवण झाल्यावर आंटीने बिस्किटांच्या डब्यातून एक किल्ली काढून विनीताच्या हातात ठेवली. "पुढच्या वेळी दार वाजवू नकोस. आत यायचं. आणि वेळ आली की फुलं हीच आण."

पुढे किल्ली असूनही विनीता व्हरांड्यातून चपला मुद्दाम जोरात वाजवत यायची आणि ओरडा ऐकू येईपर्यंत दाराबाहेर उभी राहायची.

चार वर्षांनी एका सकाळी ओरडा आला नाही. विनीताने पुन्हा चपला वाजवल्या. मग किल्ली काढली. या वेळी तिने जिन्याकडे पाहिलं नाही, सरळ दार उघडलं.

दुपारी ती तेक्का मार्केटला गेली. झेंडू भरपूर आला होता. तिने पांढरी शेवंती मागितली.