आयरिसला हळदीसारखी माती

बागवेड्या मैत्रिणींनो, माझ्या आयरिसला दोन वर्षं फूल का येत नव्हतं, ते आज सकाळी कळलं.

माझ्या सासूबाईंनी लोहा गावच्या शेतात जन्मभर हळद लावली. आज बघते तर त्या आयरिसच्या कंदावर ओंजळीनं माती घालून राहिल्या!

“आई, हे काय?”

“कंद उघडा पडतो बाई. हळदीला लावतो तशी दर आठवड्याला माती लावते मी.”

मी सांगितलं, या कंदाच्या पाठीला ऊन लागलं तरच तो फुलतो. मग त्या बोटांनी हळूच माती सारत कंदाला म्हणाल्या, “लई गुदमरवलं रे लेकरा तुला.”

आणि लगेच माझ्याकडं वळून, “तू डोक्याला रुमाल बांध. ऊन लागंल.”

सांगा, मी बांधला असेल का नाही?