नऊ नंबरचे न धुतलेले मोजे

ज्या गाढवाने ग्लेनबारक थिसल फुटबॉल क्लबासाठी पांढरी चड्डी आणि पांढरे मोजे ठरवले, त्याला नेटी मकस्किमिंग सव्वीस वर्षं दर रविवारी शिव्या घालते आहे. तो मरून साठ वर्षं झाली, पण तिचं भांडण चालूच आहे. स्कॉटलंडातल्या आमच्या एअरशरमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल मैदान म्हणजे नुसता चिखल, आणि त्यात लोळून आलेल्या सोळा धटिंगणांचे कपडे नेटी एकटी धुते. मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत दोन मशिनी आहेत. त्यातली एक लाथ मारल्याशिवाय सुरू होत नाही.

मी अलेक गेमेल, क्लबचा सेक्रेटरी. नेटी आणि मी एकाच वर्गात होतो, आणि ती मला तेव्हाही मूर्खच म्हणायची. माझं काम मॅचा ठरवायचं, पण हौस वेगळी. रेफरीला न दिसलेला एकेक फाऊल मी लीगला पत्राने कळवतो. एकशे चाळीस पत्रं झाली. सगळ्यांना उत्तर एकच: 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' कुठे घेतली, ते त्यांनाच ठाऊक.

नेटी मॅच बघतच नाही. तिला कपडे सांगतात. कॉलर ताणलेली असली की कोणीतरी ओढलंय. मोज्याच्या मागच्या बाजूला बुटाच्या तळच्या टोकदार स्टडचे ओरखडे असले की मागून तंगडी घातलीय. तिच्या मशीनमध्ये दर आठवड्याला माझा पुरावा साबणाच्या फेसात बुडून मरायचा, आणि मी दारात उभा राहून बोंबलायचो.

"नेटी, तो शर्ट धुऊ नकोस गं! पुरावा आहे तो!"

"पुरावा नाही, घाण आहे. हो बाजूला."

"अगं, त्यांनी आपल्या पोराला ओढलं आणि त्या आंधळ्याला दिसलं नाही! गप्प बसायचं का आपण?"

"आणि आपली पोरं ओढतात, ते आंधळ्याला दिसत नाही, त्याचं पत्र कधी लिहिलंस रे?"

"ते त्यांच्या सेक्रेटरीने लिहावं."

"मग दोघं बसा लिहीत. मला काम आहे."

हिच्यापुढे कोणाचं चाललंय? मी माझं मटणाचं पॅटिस घेऊन गुमान बाहेर यायचो.

मग गेल्या फेब्रुवारीतली ड्रमफर्न क्लबाशी झालेली मॅच. रेफरी होता इवन पेटिग्रू, शेजारच्या गावातला शाळामास्तर. काडीपैलवान, पण शिट्टी जोरात वाजवायचा. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गोलने मागे, आणि नेटीचा नातू, आमचा नऊ नंबरचा ब्रायस, त्यांच्या गोलपुढे धाडकन पडला. असा किंचाळला की मैदानापलीकडच्या मेंढ्या पळाल्या. इवनने हात हलवला: ऊठ, खेळ. आम्ही हरलो.

मी होतो दुसऱ्या टोकाला. मला काय दिसणार, डोंबल? पण ब्रायस लंगडत आला आणि म्हणाला, "अलेककाका, मागून स्टड ओढले हो त्याने! पोटरी सोलून निघाली!" मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

एकशे एकेचाळिसावं पत्र मी उभ्या उभ्या लिहिलं. आणि काय सांगू, लीगचं बोलावणं आलं! गुरुवारी सुनावणी, पुरावा असल्यास आणावा. इवनविरुद्ध आधीच दोन क्लबांच्या तक्रारी खऱ्या ठरल्या होत्या. तिसरी ठरली की त्याचं रेफरीपद जाणार होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी जिंकणार होतो. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

सकाळी नेटीचे पाय धरायच्या तयारीने गेलो, तर तिने पिशवी बांधूनच ठेवलेली.

"घे. नऊ नंबरचे कपडे. नाही धुतले."

"नेटी! देव पावला!"

"नक्की न्यायचेत ना?"

"हे काय विचारणं झालं?"

"त्या मास्तराचं काय होईल?"

"शिट्टी जाईल. जाऊ दे. चष्मा तरी घेईल."

"आणि तू पिशवी उघडून बघणार नाहीस?"

"पुराव्याला हात लावायचा नसतो, बाई. टीव्ही बघत नाहीस का?"

ती माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मला वाटलं, शेवटी हिला माझं कौतुक वाटलं.

सुनावणीला तीन म्हातारे होते, चहा-बिस्किटं घेऊन. इवन कोपऱ्यात, मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी धरून. मी ऐटीत पिशवी टेबलावर उपडी केली. असा वास सुटला की एकाने बिस्किट खाली ठेवलं. शर्टाच्या छातीवर चिखलाचा थर, चड्डीचा पुढचा भाग काळा. मग मी मोजे पालथे करून पोटरीची बाजू दाखवली. चार शिंतोडे होते. ओरखडा एकही नाही. पोराला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पेनल्टी मिळवायला त्याने सरळ पोटावर सूर मारला होता.

"मिस्टर गेमेल," मधला म्हातारा म्हणाला, "हे त्याचेच मोजे ना?"

पिशवी बदलली असेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मोज्याच्या काठाला लाल दोऱ्याने नऊचा आकडा शिवलेला, नेटीच्या हातचा. इवनकडे पाहिलं. त्याच्या टोपीचा पार चोळामोळा झाला होता.

"त्याचेच," मी म्हणालो. "तक्रार मागे घेतो."

सरळ सांगतो, उभ्या आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. आणि लाजेपेक्षा संताप जास्त. तसाच नेटीकडे गेलो.

"आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सव्वीस वर्षं सांगतेय. तुला पुरावा हवा होता."

"सख्खा नातू आहे गं तुझा!"

"म्हणूनच." ती मोजे माझ्या हातातून ओढून घेत म्हणाली. "मी बोलले असते तर तू म्हणाला असतास, म्हातारीला काय कळतंय. मोज्यांचं ऐकलंस ना?"

ब्रायसला तिने महिनाभर पत्र्याच्या खोलीत राबवलं. सोळा जणांच्या चड्ड्या त्याने हाताने घासल्या.

मार्चअखेर पुन्हा इवनच रेफरी. आणि या खेपेला समोरच्या संघातल्या एका रेड्याने ब्रायसची पोटरी खरोखरच फोडली. इवन नेमका दुसरीकडे बघत होता. अख्खं मैदान ओरडलं, सगळ्यात मोठ्याने मी. ब्रायस मात्र चकार शब्द बोलला नाही. उठला आणि लंगडत खेळला. ती मॅचही आम्ही हरलो.

रविवारी खोलीत गेलो तर नेटीने मोजा टेबलावर पसरून ठेवलेला. चार लांब ओरखडे, त्यात सुकलेलं रक्त. शेजारी कागद आणि माझंच पेन.

"हा खरा आहे," ती म्हणाली. "लिही. या वेळी मीही सही करते."

मी पेन उचललं. फाऊल होता. दिसायला हवा होता. आजही म्हणतो, मरेपर्यंत म्हणेन! पुरावा असा की लीगला नोंद घेऊन गप्प बसताच आलं नसतं. इवनविरुद्धची तिसरी तक्रार खरी ठरली असती. मला ती चोळामोळा झालेली टोपी आठवली.

मी पेन खिशात घातलं, मोजा उचलला आणि मशीनमध्ये टाकला. बटण दाबलं. मशीन ढिम्म.

"लाथ मार," नेटी म्हणाली.

मारली.