मोटेलबद्दल एकही ओळ नाही

इनासभाऊ गेल्याची बातमी आमच्या पिकनिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, तेव्हा मी दुबईत, बर दुबई भागातल्या ऑफिसात होते. वसईहून त्यांच्या मुलीने कुणाला तरी कळवलं होतं. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि मग एकाने लिहिलं, 'त्यांच्या सुरमईच्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे.' मी फोन टेबलावर आपटला. माणूस गेला तरी आमची सुरमई काही संपेना! त्याला सहा आठवडे झाले, माझा राग उतरलेला नाही. त्यातला थोडा माझ्या स्वतःवरही आहे, म्हणून हे लिहिते आहे.

फुजैराच्या किनाऱ्यावर बावीस खोल्यांचं एक बैठं मोटेल होतं, जवळजवळ अमिराती या देशाच्याच वयाचं, पन्नाशीचं. इनासभाऊ तिथे साफसफाईच्या कामावर लागले आणि पुढे मॅनेजर झाले. अजमानला राहणारी आम्ही चार-पाच कुटुंबं जमेल त्या सुट्टीला तिथे जायचो. आम्ही सामान टाकून समुद्राकडे पळायचो आणि इनासभाऊ आम्हाला धरून धरून इमारत दाखवायचे. "ताई, बाहेर चाळीस डिग्री आहे. आता या भिंतीला हात लावा." जाळीच्या ठोकळ्यांतून वारा व्हरांडाभर फिरायचा आणि भिंत खरंच गार लागायची. खोल्या करवतीच्या दातांसारख्या तिरक्या बांधलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक दारातून समुद्र दिसे, पण शेजाऱ्याचं दार दिसत नसे. सात वर्षं तिथे जाऊनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यांनीच दाखवलं. आणि प्रत्येक दाराशी, गुडघ्याइतक्या उंचीवर, पाय धुवायला एक नळ. "बांधणारा कोण ते ठाऊक नाही," ते म्हणायचे, "पण आमच्या वसईला येऊन गेला असणार. आमच्याकडे पाय धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत." आम्ही हो हो म्हणायचो आणि जेवायला किती वेळ आहे ते विचारायचो.

मग जागा विकली गेली. तिथे काचेचा टॉवर येणार असं ठरलं. इनासभाऊ जुन्या इमारती राखण्याचं काम पाहणाऱ्या एका कचेरीत स्वतः गेले. तिथल्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, लोकांना ही इमारत का हवी ते लोकांकडूनच लिहून आणा. इनासभाऊंनी एकेका जुन्या पाहुण्याला फोन केला. "फक्त एक पान, ताई. मोटेलबद्दल. पुढचं इन्शाल्ला मी बघतो." चांगली जाडजूड फाईल झाली. माझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांत लिहिलं, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं आणि खाली सही ठोकली.

काही आठवड्यांनी अधिकाऱ्याने त्यांना बोलावून फाईल पुढे सरकवली. "भाई, आपका खाना बहुत अच्छा है, सब ने लिखा है. लेकिन बिल्डिंग के बारे में किसने लिखा?"

कुणीच नाही! जेवण घरगुती. स्टाफ नम्र. इनासभाऊ म्हणजे देवमाणूस, मुलीला ताप होता तर न सांगता पेज करून दिली... सगळं खरं आणि सगळं बिनकामाचं. देवमाणूस दुसऱ्या हॉटेलातही पेज करेल, त्यासाठी या भिंती कशाला ठेवायच्या? आमच्या ग्रुपात तीन इंजिनिअर आहेत. एकालाही तिरक्या खोल्यांबद्दल दोन ओळी सुचल्या नाहीत. वर, "आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय," हे बोलणारा आमच्यातलाच एक गृहस्थ बावीस वर्षं इथे राहतो आहे आणि त्याची दोन्ही मुलं इथेच जन्मली आहेत. आम्हाला कौतुक करायला माणूस लागतो. कुणीतरी डोकं लावून एखादी भिंत बांधली असेल, हे आमच्या डोक्यातच येत नाही.

इनासभाऊंनी हे मला फोनवर सांगितलं, तेही हसत. मी विचारलं, "माझ्या पत्रात काय होतं हो?"

"सुरमई," ते म्हणाले. "दोनदा... जाऊ दे ताई, खलास."

मोटेल बंद झालं, नोकरीबरोबर व्हिसाही गेला. आम्ही दुबईत त्यांना निरोप दिला. शाल, गुच्छ आणि 'उत्कृष्ट आदरातिथ्य' असं कोरलेली ट्रॉफी! ती ते शेवटपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. वसईला गेल्यावर वर्षही काढलं नाही त्यांनी. हृदय बंद पडलं, असं मुलगी म्हणाली.

परवा माझ्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट राइट अबाउट द टॅप?" गेल्या शुक्रवारी फुजैराला जाऊन आले. पत्र्याच्या कुंपणाआड सपाट जमीन आहे, बाकी काही नाही. इनासभाऊंनी मागितलेलं ते एक पान मात्र माझ्याकडून अजून यायचं आहे.

महोदय, खोली नंबर नऊच्या दाराशी, उजव्या हाताला, एक नळ आहे. माझी मुलगी दोन वर्षांची असल्यापासून त्याखाली पाय धरून उभी राहते. तो अशा जागी बसवला आहे की पाय धुताना तोंड समुद्राकडे राहतं. हे कुणीतरी विचार करून केलेलं आहे. कृपया पाडू नये.