पाठीखालचा कोरडा थर

माझ्या नणंदेच्या केसांत कायम तंतू अडकलेले असतात. कारखान्यातून आल्या की चाळिशीतच डोकं पांढरंफेक. म्हणून त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांना म्हातारी म्हणतो. मी वन्सं म्हणते, आणि भांडण झालं असेल तर काहीच म्हणत नाही.

त्यांच्या कारखान्यात कापड होतं, पण कुणी विणत नाही. ना सूत, ना माग. वेगवेगळे तंतू मिसळायचे, पिंजायचे, त्यांचे पातळ पापुद्रे एकावर एक रचायचे आणि सुयांनी टोचून नाहीतर भट्टीत तापवून एकमेकांत गुंतवायचे. त्यातूनच बुटांची अस्तरं, गाडीतले गालिचे, गाळण्या, दवाखान्यातल्या चादरी, फरशी पुसायची फडकी. वन्सं मिसळणीवर असतात.

"एक तंतू पाणी पितो," त्या सांगायच्या, "दुसरा पीत नाही, पण कितीही दाबला तरी परत उभा राहतो. तिसरा भट्टीत वितळतो आणि दोघांना धरून ठेवतो. आपल्या घरासारखंच की गं, वहिनी."

"म्हणजे वितळायचं मीच ना?" मी विचारायचे.

मग नवरा बांधकामावरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. हसणं-खिदळणं संपलं. पडून पडून माकडहाडापाशी जखम झाली. मलमपट्टीला येणाऱ्या नर्सबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "ओल राहिली तर ही हाडापर्यंत जाईल. मग घरी निभायचं नाही." मी त्याची कूस बदलायचे, चादरी बदलायचे, तरी ओल काही पिच्छा सोडेना. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला तिथलं काही कळतच नव्हतं. लघवीने, घामाने चिंब भिजला तरी छताकडे बघत शांत पडलेला असायचा.

वन्संनी साहेबांना विचारून कारखान्यातून जाड घड्या आणल्या. तिथल्या बायकांचे हात राठ झालेले, त्यामुळे कापडाचा मऊपणा त्या गालाला लावून बघतात. वन्संनीही घडी गालाला लावली, वर पाण्याचा थेंब टाकला. थेंब गडप! त्या खूश, मी त्याहून खूश. थोड्याच दिवसांत जखम आणखी चिघळली. नर्सबाईंनी ती घडी नुसती तळव्याने दाबली आणि प्यालेलं सगळं पाणी वर आलं.

माझं डोकं फिरलं. "तुमचं शहाणपण कारखान्यातच ठेवा," असं मी तोंडावर बोलले. वन्संनी घडी गुंडाळली आणि निघून गेल्या.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी परत आल्या. बगलेत वेगवेगळ्या मिसळणीचे तुकडे. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, एक तुकडा भिजवून फरशीवर अंथरला, कुडता वर सरकवला आणि उघड्या पाठीने त्यावर उताण्या पडल्या.

"हे काय चाललंय?"

"कारखान्यात आम्ही थेंब टाकतो. त्यावर निजत कुणी नाही," त्या आढ्याकडे बघत म्हणाल्या. "दादाला कळत नाही ना? मग मला कळू दे."

दुपारभर त्या एकेका ओल्या तुकड्यावर पडून राहिल्या. पाठ लालबुंद झाली, शिंकांवर शिंका. मी मुकाट्याने चहा करून दिला. शेवटी त्यांनी दोन तुकडे एकावर एक ठेवले: वर पाणी न पिणाऱ्या तंतूंचा पातळ, खाली पिणाऱ्यांचा जाड. त्यावर पडल्या आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपल्या.

"वहिनी, अंगाला लागतो त्याने पाणी प्यायचंच नाही गं. नुसती वाट द्यायची. पिणाऱ्याने खाली बसून प्यावं."

साहेब आधी कुरकुरले, पण भट्टीतून तसा दोन थरांचा छोटा गुंडाळा काढून दिला. कूस बदलणं, मलमपट्टी चालूच होती, त्यात ही घडी आली. हळूहळू जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. ज्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "भरतेय हं," त्या दिवशी मी वन्संच्या गळ्यात पडून रडले. त्यांचे तंतू माझ्या नाकात गेले. माझा माणूस आज घरात आहे तो त्यांच्यामुळे, हे मी भांडतानासुद्धा विसरत नाही.

आता जखम पुरती बुजली आहे. वन्सं अजूनही कामावरून सरळ आमच्याकडे येतात. नवीन घडी अंथरून आम्ही दोघी त्याला कुशीवरून उताणा करतो, आणि तो विचारतो, "म्हातारे, खाली कसं लागतंय?"

वन्सं वाकतात, त्याच्या कमरेशी घडीला गाल टेकवतात.

"कोरडं आहे, दादा. मऊ आहे."

"हां," तो म्हणतो आणि डोळे मिटतो. "आता बरं वाटलं."